टांकसाळीत चुकलेलं नाणं आणि बाहेर बिघडवलेलं नाणं

प्रश्न गंगाखेडच्या एका किराणा दुकानदार भाऊंचा आहे. गल्ल्यातल्या चिल्लरमधून त्यांनी पाच नाणी बाजूला काढली आहेत. दहाचं एक, ज्यातला मधला पांढरा भाग तिरका बसलाय. दोनचं एक, कडेला चावा घेतल्यासारखं. रुपयाचं एक, मागच्या बाजूला सिंह उलटे आणि खोल उमटलेले. रुपयाचंच दुसरं, दोन्हीकडे छापाच. आणि पाचचं एक पिवळं, हाताला पातळ लागणारं. ओळखीचा एक जण म्हणाला, ही ‘एरर’ नाणी आहेत, लाखात जातील. दुसरा म्हणाला, भंगार आहे. फोटो पाठवून भाऊंनी विचारलंय की खरं काय आणि ते ओळखायचं कसं.

मी छत्रपती संभाजीनगरात जुनी नाणी घेतो-विकतो. जालना, नांदेड, लातूरच्या सराफ्यात मोडीत आलेला मालही माझ्याकडे बघायला येतो, त्यामुळे असली नाणी रोजच हातात असतात. पाचही नाण्यांबद्दल सांगतो, पण आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. नाणं किती विचित्र दिसतंय याला काही किंमत नाही. विचारायचं एवढंच की हा दोष टांकसाळीत नेमका कोणत्या टप्प्यावर होऊ शकतो? टप्पा सांगता आला तर पुढची तपासणी करायची. सांगताच आला नाही, तर ते नाणं बाहेर पडल्यावर बिघडलंय किंवा कोणीतरी बिघडवलंय.

म्हणून नाणं बनतं कसं ते थोडक्यात. धातूच्या लांब पट्ट्यातून पंचाने गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात. मग एका यंत्रातून कडेने दाबत नेतात, म्हणजे चकतीची कड किंचित वर उचलली जाते. शेवटी चकती प्रेसमध्ये येते. तिथे खाली एक डाय, वर एक डाय आणि चकतीच्या भोवती पोलादी कडं, ज्याला कॉलर म्हणतात. डाय म्हणजे नक्षी उलटी आणि खोल कोरलेला ठसा. एकच जबर ठोका बसतो आणि त्या एका ठोक्यात छापा, काटा आणि कड तिन्ही तयार होतात. धातू दाबाखाली वाहतो, डायच्या खोबणीत शिरतो, बाहेर पसरू पाहतो आणि कॉलर त्याला अडवते. टांकसाळीची चूक म्हणजे या साखळीत कुठेतरी झालेली गडबड. ती चकतीची असेल, डायची असेल किंवा ठोक्याची असेल. चौथा प्रकार नाही.

आता दहाच्या नाण्यापासून सुरुवात करू, कारण त्यावरच लोक सगळ्यात जास्त फसतात.

दहाच्या नाण्यात बाहेरची पिवळी रिंग आणि आतली पांढरी चकती हे दोन वेगळे तुकडे असतात, हे खरं. पण ते वेगवेगळे छापून मग जोडत नाहीत. कोरी चकती कोऱ्या रिंगमध्ये ठेवतात आणि दोन्हींवर एकदमच ठोका मारतात. त्याच दाबाने दोन धातू एकमेकांत घट्ट बसतात. म्हणजे ‘भारत’ ही बाहेरची अक्षरं आणि मधले सिंह एकाच डायवर कोरलेले आहेत. डाय प्रेसमध्ये तिरकी बसली तर त्या बाजूचं सगळंच तिरकं होईल, रिंग आणि मधला भाग मिळून. नुसता मधला भाग रिंगच्या मानाने फिरलाय, असं एका ठोक्यात होणं शक्यच नाही.

तुमच्या फोटोत ‘भारत’ आणि इंग्रजी ‘इंडिया’ सरळ धरले की सिंह उजवीकडे कलंडलेले दिसतात. नाणं पलटून बघा. मागच्या बाजूला मधला भाग तेवढाच पण डावीकडे फिरलेला असेल, कारण एकच तुकडा आपण दोन बाजूंनी बघतोय. तसं असेल तर निकाल लागला. कोणीतरी मधली चकती ठोकून बाहेर काढली आणि परत बसवली. भिंगातून सांध्यावर बघा, ओरखडे किंवा दबलेली कड दिसेल. चकती किंचित हलतही असेल. याला ‘एरर’ म्हणून काही किंमत नाही.

दहाच्या नाण्यात खरी चूक कशी दिसते तेही सांगतो. कधीकधी मधली चकती रिंगच्या भोकात नीट न बसता एका बाजूला चढते आणि तशातच ठोका बसतो. मग पांढरा धातू पिवळ्यावर पसरलेला दिसतो, दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट राहते आणि नक्षी मात्र दोन्ही धातूंवर सलग, न तुटता गेलेली असते. ही सलग गेलेली नक्षीच त्याचा पुरावा. मधला भाग नसलेली नुसती रिंगही खरी असू शकते. पण ठोका बसताना भोक रिकामं असेल तर रिंगचा धातू आत वाहतो, भोकाची कड आतल्या बाजूला गोलसर फुगते आणि जवळची नक्षी ओघळल्यासारखी होते. बाजारात येणाऱ्या नुसत्या रिंगांमध्ये मला बहुतेक वेळा भोकाची कड धारदार, सरळ कापल्यासारखी आणि आतून चकतीच्या पकडीची खूण असलेली दिसते. म्हणजे चकती होती, नंतर काढली.

दहाच्या नाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, किंवा रुपयाचं चिन्ह नाही म्हणून खोटं, ही अफवा आपल्याकडे अजून फिरते आणि काही दुकानदार दहाचं नाणं घ्यायला कां-कू करतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की तोवर निघालेली दहाच्या नाण्याची चौदाही डिझाइन्स वैध आहेत. डिझाइन वेगळं असणं ही चूकही नाही आणि खोटेपणाही नाही.

दोनचं चावा घेतलेलं नाणं. पाचांपैकी माझी उत्सुकता याच्यावर आहे.

पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली तर पुरीला अर्धगोल खाच पडते. पट्टा पुढे सरकायला चुकला की पंचाचंही तेच होतं. अशी खाचवाली चकती पुढे गेली, छापली गेली, की नाण्याला जन्मतःच चावा असतो. इथे जन्मतः हा शब्द महत्त्वाचा. चावा आधी आणि ठोका नंतर, हा क्रम नाण्यावर उमटतो. बनावट नाण्यात ठोका आधी आणि चावा नंतर. हा फरक चार ठिकाणी शोधायचा.

पहिलं, चाव्याजवळची अक्षरं. ठोका बसला तेव्हा तिथे बाहेरून अडवणारं काही नव्हतं, म्हणून धातू मोकळ्या बाजूला सरकतो. अक्षरं चाव्याकडे जाताना थोडी पसरतात, उथळ होतात, विरत जातात. कानसीने घासून चावा पाडला असेल तर अक्षर मधूनच, पूर्ण उंचीवर, सुरीने कापल्यासारखं तुटतं.

दुसरं ठिकाण बहुतेकांना माहीत नसतं आणि मी पहिल्यांदा तिथेच बघतो. चाव्याच्या बरोबर समोरची कड. चकतीची कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला चावा असला की समोरच्या बाजूला दाब मिळत नाही आणि तिथली कड नीट उचललीच जात नाही. छापल्यावरही तिथली कड बारीक किंवा सपाट राहते, कधी तिथल्या अक्षरांचे पायही अशक्त दिसतात. याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. कानस घेऊन बसलेल्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही, आणि आलं तरी समोरची कड खोटी अशक्त करणं सोपं नाही. मात्र प्रत्येक खऱ्या नाण्यात हा परिणाम दिसेलच असं नाही. छोट्या चाव्यात तो जाणवत नाही. म्हणून तो दिसला तर मोठा आधार, नाही दिसला तर बाकीच्या खुणांवर जायचं.

तिसरं, चाव्याचा गोलावा. पंच तोच, म्हणून चाव्याची वक्रता चकतीच्या गोलाईएवढीच असायला हवी. त्याच मालिकेचं दुसरं नाणं चाव्यात ठेवून बघा, ते चपखल बसलं पाहिजे. पट्ट्याच्या टोकाला कापलेल्या चकतीला सरळ कडही येते, तो वेगळा प्रकार. पण लहान व्यासाची, बोटभर गोल कानसीने काढलेली खाच लगेच कळते.

चौथं, वजन. तुमचं नाणं रुपयाचं चिन्ह असलेल्या २०११ च्या मालिकेतलं दिसतंय. ते २५ मिलिमीटर व्यासाचं आणि ४.८५ ग्रॅमचं असतं. चावा तीन मिलिमीटर खोल असेल तर त्याचं तोंड बारा मिलिमीटरच्या आसपास रुंद पडतं आणि धातू सुमारे पाच टक्के कमी होतो. म्हणजे नाणं ४.६ ग्रॅमच्या जवळपास भरायला हवं. गंगाखेडच्या कोणत्याही सराफाकडे मिलिग्रॅमचा काटा असतो, तिथे तोलून बघा. फोटोत चाव्याजवळची अक्षरं विरत गेल्यासारखी वाटतात आणि चाव्याच्या आतला भाग बाकी कडेइतकाच मळलेला आहे, ताजा चकाकणारा धातू दिसत नाही. हे चांगलं लक्षण आहे. समोरच्या कडेचा फोटो मात्र तुम्ही पाठवलेला नाही, आणि तो बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

रुपयाचं नाणं, मागे उलटे सिंह. यातली खरी चूक फार देखणी असते आणि आपल्याकडच्या बाजारात तिला ‘लखी’ म्हणतात. होतं असं की एक नाणं छापलं गेलं, पण बाहेर पडायच्या ऐवजी एका डायला चिकटून राहिलं. पुढची कोरी चकती आली. आता तिच्या एका बाजूला खरी डाय आहे आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेलं नाणं. ठोका बसला की एका बाजूला नेहमीची उठावदार नक्षी येते आणि दुसऱ्या बाजूला त्या चिकटलेल्या नाण्याची नक्षी आरशातल्यासारखी उलटी आणि खोल उमटते.

आता जरा डोकं लावा. नाणं काट्याच्या डायला चिकटलंय, म्हणजे त्याची छाप्याची बाजू उघडी आहे. तीच पुढच्या चकतीवर दाबली जाईल. दुसऱ्या बाजूची डाय छाप्याची. म्हणजे तयार नाण्याच्या एका बाजूला उठावदार सिंह आणि दुसऱ्या बाजूला खोल, उलटे सिंह. खऱ्या लखीत दोन्हीकडे एकच बाजू दिसते, आणि ज्या बाजूला उलटी नक्षी आहे तिथे मूळ काट्याचा मागमूस नसतो, कारण त्या बाजूला काट्याची डाय कधी पोचलीच नाही. चिकटलेल्या नाण्याने चकतीचा थोडाच भाग झाकला असेल, तर उरलेल्या भागात नेहमीचा काटा दिसतो, पण तो झाकलेल्या भागाच्या रेषेवर थांबतो.

तुमच्या नाण्यात मागे एकचा आकडा आणि रुपयाचं चिन्ह दिसतंय आणि त्याच्यावर सिंहांचे उलटे ओरखडे आहेत. एकाच जागी दोन्ही. म्हणजे आधी नाणं व्यवस्थित छापलं गेलं आणि मग कोणीतरी दुसरं नाणं त्यावर ठेवून शिकंज्यात आवळलं किंवा घणाने ठोकलं. पुढची बाजू तिरक्या उजेडात धरा. जिथे मागे ठसा सगळ्यात खोल आहे, तिथेच पुढच्या सिंहांचं नाक-तोंड चेपलेलं दिसेल. हे नाणं बाद.

दोन्हीकडे छापा असलेलं नाणं म्हणजे जादूगाराचं नाणं. एक नाणं आतून पोखरून वाटी करतात, दुसरं लेथवर लहान करून त्यात बसवतात. वरच्या आणि खालच्या डाय प्रेसमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने बसतात, त्यामुळे एकाच बाजूच्या दोन डाय समोरासमोर लागणं जवळजवळ अशक्य. कडेच्या आतल्या बाजूने, जिथे कड संपून सपाट भाग सुरू होतो, तिथे भिंगातून केसासारखी बारीक गोल रेघ शोधा. फरशीवर टाकून आवाज ऐका, चांगल्या रुपयाशेजारी याचा आवाज बसका येईल. पोराबाळांना खेळायला द्या.

पाचचं पातळ नाणं. चकतीचा पट्टाच पातळ लाटला गेला तर खरं पातळ नाणं निघतं. पण तेव्हा व्यास पूर्ण असतो, कॉलरने घडवलेली कड जागेवर असते, आणि नक्षी मध्यभागी अशक्त उतरते, कारण दोन्ही डायच्या खोबण्या भरायला धातूच पुरत नाही. आम्लात टाकलेल्या नाण्यात सगळं वेगळं असतं. आम्ल चहूबाजूंनी खातं, म्हणून व्यासही थोडा घटतो, अक्षरं बारीक आणि मऊ होतात, पृष्ठभाग खरबरीत, रवाळ दिसतो, आणि कडेचे दाते पुसट होतात. २००९ पासूनचं पिवळं पाचचं नाणं २३ मिलिमीटर आणि ६ ग्रॅमचं. व्हर्नियरने, म्हणजे व्यास मोजायच्या सरकत्या पट्टीने, मोजा. व्यास साडेबावीसच्या आसपास आला तर आम्लाचं काम समजा. २०१९ च्या मालिकेतलं पाचचं २५ मिलिमीटरचं आणि ६.७४ ग्रॅमचं आहे, तेव्हा साल बघूनच तुलना करा. फोटोवरून मला हे आम्लातलं वाटतं, कारण ‘सत्यमेव जयते’ची अक्षरं सगळीकडे सारखीच झिजली आहेत. वापराने झिजताना उंच भाग आधी जातात, खोलातले राहतात.

पाच नाणी झाली. पण उद्या तुम्ही सहावं काढाल, म्हणून गल्ल्यात आणखी काय सापडतं ते सांगतो.

तुमच्याकडे परभणी–परळीची गाडी गावातूनच जाते. रुळावर ठेवलेली नाणी दर वर्षी कोणी ना कोणी ‘पसरलेलं एरर’ म्हणून आणतं. कॉलरशिवाय छापलं गेलेलं नाणं खरंच मोठं आणि पसरट असतं, पण त्याची नक्षी स्वच्छ असते, मध्यावर असते, फक्त कडेला मोकळा काठ राहतो आणि दाते नसतात. रुळावरच्या नाण्यात नक्षीच चेपून गेलेली असते आणि आकार एका दिशेने लांबट होतो. गोदावरीच्या घाटावर गाळातून निघालेली नाणी गंजाने खाल्लेली, काळपट-तांबूस असतात. त्यांना ‘वेगळ्या धातूचं नाणं’ म्हणून विकतात. स्टीलचं नाणं गॅसवर तापवलं की सोनेरी, जांभळं, निळं होतं. मुलामा दिलेली नाणीही फिरतात. लोहचुंबक लावून बघा. १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, त्याला वरून तांब्याचा रंग चढवला तरी चिकटणारच. उलट पाचचं पांढरं स्टीलचं नाणं चुंबकाला चिकटलं म्हणून लगेच चुकीच्या धातूवर छापलं गेलंय असं समजू नका, २००७ आणि २००८ मध्ये पाचची नाणी स्टीलचीच निघाली होती.

वजनाचाही एक सापळा आहे. २००७ च्या मालिकेतला, बोटांची मुद्रा असलेला रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचा. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणंही तेवढंच आणि तेवढ्याच वजनाचं, धातूही तोच. गिऱ्हाईक चिल्लर देताना हमखास गोंधळतं ते त्यामुळेच. आता कोणी तुम्हाला म्हणालं की हे दोनचं नाणं रुपयाच्या चकतीवर छापलंय, तर ते वजनाने सिद्ध होणं शक्य नाही. आणि २०११ च्या मालिकेतला छोटा रुपया २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅमचा. त्या चकतीवर दोनच्या डायने ठोका बसला असेल तर मात्र नक्षी कडेबाहेर जाऊन कापली जाईल, आणि ते नाणं खरंच बघण्यासारखं असेल.

सालाखालच्या खुणेवरूनही खूप गैरसमज होतात. मुंबईच्या टांकसाळीची खूण पत्त्यातली चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. म्हणून सालाखाली काही नसणं ही चूक नाही. मधल्या काळात काही नाणी परदेशातूनही छापून आणली होती, १९८५ मध्ये ब्रिटनमधून, पुढे दक्षिण आफ्रिका, रशिया, मेक्सिको अशा ठिकाणांहून. त्यांच्या खुणा वेगळ्या. ती संग्रहाची नाणी आहेत, चुकीची नाहीत.

एखादं अक्षर गायब असलेली नाणी बरीच येतात. डायच्या खोबणीत वंगण आणि धातूचा चुरा साचला की तेवढं अक्षर उमटत नाही. ही खरी टांकसाळी चूक आहे, पण साधी. अशा नाण्यात अक्षराच्या जागी पृष्ठभाग सपाट, बाकीच्या पातळीइतकाच असतो आणि शेजारची अक्षरं हळूहळू पुसट होत जातात. कोणी अक्षर खरवडून काढलं असेल तर तिथे किंचित खळगा आणि समांतर रेघा दिसतात. डायला पडलेली चीर नाण्यावर उठावदार रेघ म्हणून येते, तर नाण्यावर पडलेला ओरखडा खोल असतो. नखाने चाचपलं तरी कळतं. टांकसाळीतून निघालेली ही छोटी कमतरता आहे म्हणून तिला मोठी किंमत येईल असं मात्र नाही. किंचित फिरलेली डाय, बारीक चीर, भरलेलं अक्षर यांच्याकडे जाणकार संग्राहक लक्षही देत नाहीत. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटल्यासारखी उलटली की दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. पंधरा-वीस अंशांनी फिरलेली सहज सापडतात. नव्वद किंवा एकशे ऐंशी अंश फिरलेलं असेल, आणि दोन्ही बाजू शाबूत असतील, तर मला जरूर दाखवा.

जुन्या नाण्यांच्या बाबतीत मराठवाड्यात एक खास गोष्ट होते. लमाण तांड्यांवरून सराफाकडे आलेल्या दागिन्यांतून राणी छापाचे रुपये, चवल्या, पावल्या निघतात. त्यांना कडी डाखलेली असते. कडी काढली की काठावर डाखाचा उंचवटा राहतो आणि तो ‘डाय तुटलेलं नाणं’ म्हणून खपवतात. डायचा काठाजवळचा तुकडा खरंच तुटला तर नाण्यावर काठाला लागून बेढब उंचवटा येतो, हे खरं आहे. पण तो त्याच धातूचा, त्याच रंगाचा असतो, आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूला बरोबर त्याच जागी नक्षी अशक्त असते, कारण तिथला धातू या पोकळीत वाहून गेलेला असतो. डाखाचा रंग वेगळा, आणि मागची बाजू शाबूत. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितले की पुन्हा फसायला होत नाही. उंबरठ्याला ठोकलेली नाणीही अशीच, खिळ्याचं भोक बुजवून विकायला येतात. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा मात्र मूळचाच भोकाचा. त्यात भोक मध्यापासून सरकलेलं असेल तर ती खरी चूक, आणि भोक नसलेला पैसा कोणी दाखवला तर डाख घालून बुजवलंय का ते आधी बघायचं.

निजामाच्या चारमिनारच्या नाण्यांबद्दलही विचारणा होते. चारमिनारच्या कमानीतलं फारसी लिपीतलं अक्षर कधी वेगळं दिसतं. मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर ‘मीम’ आहे, मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यांवर ‘ऐन’, आणि उस्मान अलींच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ते ‘ऐन’ अर्धवट लिहिलंय. हा डायचा प्रकारभेद आहे, चूक नाही. संग्राहक तो जपतात, पण ‘एरर’ म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नयेत.

आणि शिवराई, दौलताबादची तुघलकाची नाणी, पैठण-तेरकडची सातवाहनांची नाणी यांना तर हा सगळा हिशेबच लागू होत नाही. ती हातोड्याने हाताने पाडलेली. तिथे कॉलर नव्हती, प्रेस नव्हती. अर्धी नक्षी बाहेर जाणं, ठसा दोनदा बसणं, नाणं वाकडंतिकडं असणं हे त्या काळचं नेहमीचं काम. शिवराई मध्यावर छापलेली, दोन्ही बाजूंची अक्षरं पूर्ण दिसणारी मिळाली तर तिचं कौतुक जास्त. शेतात नांगरताना अशी नाणी गाडग्यात सापडली तर परस्पर विकू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि इतिहासाच्या दृष्टीनेही, कोणत्या जागेतून कोणती नाणी एकत्र निघाली ही माहिती विखुरली की परत मिळत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण या मातीतून निघालेलं कितीतरी असं वितळून गेलंय.

किमतीबद्दल. मोबाइलवर दिसतं, वैष्णोदेवीचं नाणं लाखाला, अमुक सालाचा रुपया दहा लाखांना. ती नाणी प्रचंड संख्येने छापलेली आहेत. या जाहिरातींचं पुढचं पाऊल ठरलेलं असतं. आधी नोंदणी फी भरा, मग कमिशन, मग कर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की आपलं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी मागणाऱ्यांशी बँकेचा काही संबंध नाही. विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो. एक रुपयाही देऊ नका. तुमच्या ओळखीच्याला लाख दिसत असतील तर त्यालाच रोख घेऊ द्या.

आणि स्वतः प्रयोग करू नका. नाणं वितळवणं, नष्ट करणं याला २०११ च्या नाणे कायद्यात शिक्षा आहे, आणि बिघडवलेलं नाणं चूक म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. संशयास्पद नाणं चिंच, लिंबू, पितांबरीने घासूही नका. अस्सल नाण्याचा मूळ पृष्ठभाग हाच त्याचा पुरावा असतो, तो घासला की आम्हालाही काही सांगता येत नाही. एनजीसी, पीसीजीएस सारख्या परदेशी संस्था नाणं तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात, पण पाठवण्या-आणण्याचा खर्च धरून ते परवडण्यासारखं नाणं क्वचितच असतं.

तेव्हा दहाचं आणि उलट्या सिंहांचा रुपया विसरून जा. पाचचं मोजून बघा, तेवीसच्या आत-बाहेर जे येईल ते कळवा. दोनचं मात्र कागदाच्या पुडीत वेगळं ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात नको. सराफाकडे तोलून घ्या. मग खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, तिरक्या उजेडात तीन फोटो काढा. एक चाव्याचा जवळून, एक बरोबर समोरच्या कडेचा, आणि एक नाणं उभं धरून चाव्याच्या आतल्या भिंतीचा. वजन आणि हे तीन फोटो आले की मी त्याच दिवशी उत्तर देतो.